सुगतचा वाण

वरणफळं रटरटत होती आणि शलाकाला पातेल्यावर कोळिष्टक लोंबताना दिसलं. तिनं हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. ती खिडकीकडे वळली तर कोळिष्टक खिडकीवर, भिंतीकडे वळली तर भिंतीवर. मग तिच्या ध्यानात आलं, हे घरात नाही. आपल्या उजव्या डोळ्यात आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांना निदान करायला वेळ लागला नाही. वाढलेल्या साखरेनं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. त्यांनी लेसरनं गळती थांबवली, जाळं हळूहळू विरेल म्हणाले, आणि वर बजावलं, "साखर आटोक्यात आणा. पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल."

साखर आटोक्यात आणायची म्हणजे आणखी काय करायचं, हे तिला कोणी सांगत नव्हतं. भात सोडून वर्षं झाली होती. बिनसाखरेचा चहा, सकाळी सेवाग्राम रस्त्यानं लांबवर चालणं, गोळ्या, दर आठवड्याचं इंजेक्शन, काही म्हणजे काही चुकत नव्हतं. दंडावर चिकटवलेली टिकली दिवसभर साखर मोजायची आणि फोनवर आकडा दाखवायची. आकडा उतरायचं नाव घेत नव्हता.

परतताना गाडीत सुगतनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलंच. "रागावू नको. पण खरं सांग, चोरून काही खाते का? एखादी संत्राबर्फी वगैरे?"

"म्हणजे तूसुद्धा," शलाका म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

तिची सगळी नोकरी सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळेत गेली होती. बी उगवलं नाही की लोक आधी पेरणाऱ्याला बोल लावतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. दोष बियात आहे की मातीत, हे नंतर कोणीतरी तपासतं. आता ती स्वतःच पेरणारी ठरली होती. मुलगी उत्पला पुण्याहून फोन करायची तेव्हा आधी आईचा आकडा विचारायची आणि मग तिची खुशाली. शेजारच्या बायका तिला प्रसादाचा शिरा वाढताना थबकायच्या. तिच्या जिभेवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

घरी आल्यावर सुगतनं वरणफळं गरम केली, वर तूप सोडलं आणि नेहमीसारखी एकाच ताटात वाढली. त्या घरात दुसरं ताट पाहुणा आला तरच निघायचं.

त्याला कारण होतं. सुगत रामटेके आणि शलाका पांढरीपांडे यांचं लग्न झालं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी विरोध केला नव्हता. उलट, आपण किती सुधारलेले आहोत याचं त्यांना कौतुक होतं. जावई वर्ध्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो, छान बोलतो, नकाशे तर हातानं काढतो, असं सगळे सांगत फिरायचे. तिसऱ्या का चौथ्या भेटीत शलाकाला दिसलं की सुगतला दरवेळी तेच एक ताट आणि तोच पेला येतो, आणि जेवणानंतर आई ती भांडी निराळी घासून निराळ्या फळीवर ठेवते. सुगतला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो बोलला नव्हता. त्याच्या आजोबांचा कप गावच्या हॉटेलाबाहेर झाडाच्या खुंटीला टांगलेला असायचा, हे त्यानं तिला कधीतरी सांगितलं होतं, तेही हसत हसत. त्या दिवशी शलाका आपलं ताट सोडून उठली, सुगतच्या शेजारी बसली आणि त्याच्या ताटातला, त्यानं अर्धा मोडलेला गोळाभात सगळ्यांसमोर जेवली. तेव्हापासून दोघं घरी एकाच ताटात जेवत. त्याला त्यांनी व्रताबिताचं नाव दिलं नाही. सवय झाली, आणि पुढे तर निराळं ताट घेऊन जेवणं त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी निघताना एक प्रश्न विचारला होता: दात घासताना रक्त येतं का? "येतं थोडं, सगळ्यांनाच येतं," शलाका म्हणाली होती. त्यावरून त्यांनी तिला नागपूरच्या एका नव्या मुखरोग केंद्रात पाठवलं.

डॉ. हुमेरा काझी तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी शलाकाच्या तोंडातून एक बारीक कॅमेरा फिरवला आणि समोरच्या पडद्यावर हिरड्यांचा नकाशा उमटला. नकाशा बघून सुगत खुर्चीत पुढे सरकला.

"दात आणि हिरडी यांच्यात अशा खाचा पडतात," डॉक्टर म्हणाल्या. "वरून दिसत नाहीत, दुखतही नाहीत. या सगळ्या खाचा उलगडून एकीशेजारी एक अंथरल्या तर तुमच्या तळहाताएवढी जखम होईल. तळहाताएवढी उघडी जखम हातावर असती तर तुम्ही एक दिवस तरी थांबला असता का?"

"आणि ही जखम किती दिवसांची?" शलाकानं विचारलं.

"बहुतेक वीसेक वर्षांची."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या खाचांत जिवाणूंची वस्ती असते. प्रत्येक घासासरशी त्यातले काही रक्तात ढकलले जातात. शरीर त्यांच्याशी लढायला उठतं आणि कधी खाली बसतच नाही. त्या कायमच्या लढाईच्या धुराळ्यात इन्सुलिनची हाक पेशींना ऐकू जात नाही. साखर रक्तातच तुंबून राहते. आणि रक्तात साखर तुंबली की हिरड्यांची भरून यायची ताकद जाते, खाचा आणखी खोल होतात, वस्ती आणखी फोफावते. हिरड्या साखर वाढवतात, साखर हिरड्या सडवते. मधुमेहात दातांकडे लक्ष द्या, हे डॉक्टर फार वर्षांपासून सांगत आले होते. पण काही माणसांत हे चक्रच मुख्य आजार असतं, हे अलीकडेच समजलं होतं.

"म्हणजे मी चोरून काही खात नव्हते," शलाका म्हणाली.

"तुम्ही सांगितलंत तसं पथ्य पाळत असाल तर नाही. या हिरड्यांपुढे कुठलंही पथ्य हरलं असतं."

शलाकाला रडू फुटलं. इतकं, की डॉक्टरांनी खुर्ची सरळ करून तिला पाणी दिलं. सुगत तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या छातीत बारा वर्षांपूर्वी बसवलेली धातूची झडप होती आणि खोली शांत असली की तिचा टिकटिक आवाज यायचा. तो आवाज तेव्हा शलाकाला कानाशी येत होता. "चुकलो मी," तो म्हणाला. "माफ कर."

उपचार नवा होता. खाचा धुऊन काढायच्या, जुनी वस्ती औषधानं पार उठवायची आणि त्या जागी प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरुपद्रवी जिवाणूंची नवी वस्ती पेरायची. नुसतं धुऊन भागत नव्हतं, कारण मोकळी जागा मोकळी राहत नाही. शलाकाला हे सांगायला नको होतं. गाजरगवत उपटून रान उघडं टाकलं की पुढच्या हंगामात दुप्पट गाजरगवत येतं.

"पण एक बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या, "हे आलं कुठून. कारण आलं तिथूनच ते परत येऊ शकतं."

त्यांनी दोघांच्या हिरड्यांतला नमुना घेतला. जिवाणूंचीही घराणी असतात. त्यांच्या जनुकांवरून कोणतं कुठून आलं, हे आता तासाभरात सांगता यायचं. तासाभरानं त्या परत आल्या आणि सावकाश बोलल्या. शलाकाच्या हिरड्यांत जो वाण होता तो सुगतचा होता. त्याच्याकडे तो लहानपणापासून असावा, आणि त्याच्या शरीरानं त्याच्याशी जुळवून घेतलेलं होतं. त्याच्या हिरड्याही खराब होत्या, पण त्याला मधुमेह नव्हता. तिच्या शरीरानं जुळवून घेतलं नव्हतं.

"माझ्यापासून," सुगत म्हणाला.

"लाळेतून जातो. एका पेल्यातून, एका चमच्यातून. नवराबायकोत हे फार सर्रास असतं. यात दोष कोणाचाच नाही."

"मग माझंही धुऊन काढा. आत्ताच बसतो खुर्चीत."

डॉक्टरांनी मान हलवली. धुणं वेळोवेळी करता येईल, पण पेरणी नाही. पेरणीत कोट्यवधी जिवंत जिवाणू उघड्या हिरडीवर सोडावे लागतात, आणि धातूची झडप असलेल्या माणसात त्यांतले चार जरी झडपेवर जाऊन बसले तरी जिवावर बेततं. नियमच होता तसा.

"मग आम्ही काय करायचं?" शलाकानं विचारलं.

"तुमचा उपचार करू. पण नवी वस्ती मुरायला दोन वर्षं लागतात. तोवर यांचं उष्टं तुमच्या तोंडात जाता कामा नये. ताट, पेला, चमचा, ब्रश, सगळं निराळं. आणि..." त्या अडखळल्या. "चुंबन नाही. दोन वर्षांनंतर बहुतेक सगळं पूर्ववत करता येईल."

शलाका म्हणाली, "मग मला नको." सुगत म्हणाला, "तिला पाहिजे. कधी येऊ ते सांगा."

गाडीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शलाकाचं म्हणणं, निराळ्या ताटात ती त्याला जेवू घालणार नाही, मग डोळे गेले तरी चालतील. सुगतनं सेलूजवळ गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"ते ताट तुझ्या आईनं निराळं ठेवलं होतं, कारण तिला मी माणूस कमी वाटत होतो," तो म्हणाला. "हे मी निराळं ठेवून राहिलो, कारण मला तू पाहिजे. दोन्ही एक आहे का? सांग न. एक आहे का?"

दोन्ही एक नव्हतं. पण फळी एकच होती, हे तिला दिसत होतं.

उपचार पार पडला. सुगतनं बाजारातून स्वतःसाठी ताट, वाटी, पेला आणला, आणि काही गोंधळ नको म्हणून तांब्याच्या रंगाचा आणला. स्वयंपाकघरातली खालची फळी रिकामी करून त्यानं ती भांडी तिथं मांडली. शलाका घासायला गेली तर म्हणाला, "राहू दे, मी घासतो." पुढे तो पाण्याचा माठही निराळा भरायला लागला. डॉक्टरांनी एवढं सांगितलं नव्हतं. मग तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला.

"श्वासातून होत नाही, सुगत. मी विचारलंय त्यांना."

"त्यांना काय माहीत, झोपेत मी काय करतो," तो हसून म्हणाला. तरी तो गेलाच.

इकडे शलाकाचा आकडा उतरायला लागला. पहिल्यांदा तर तिला टिकली बिघडली असं वाटलं. इंजेक्शन बंद झालं, पुढे एक गोळी बंद झाली. उजव्या डोळ्यातलं जाळं विरून विरून केसाएवढं उरलं. दर महिन्याला डॉक्टर काझी हिरड्यांचा नकाशा काढायच्या. नवी वस्ती निळी दिसायची, जुनी गेरूच्या रंगाची. नकाशा सगळा निळा होता. उत्पलानं फोनवर रडून घेतलं. शेजारणींनी पेढे मागितले. शलाका पुन्हा पुस्तक वाचायला लागली, सुईत दोरा ओवायला लागली, आणि या आनंदाची तिला लाजही वाटत राहिली. टेबलाच्या या टोकाला ती, त्या टोकाला सुगत. जेवताना पूर्वी त्यांचं बोलणं संपायचं नाही. आता भाजी संपायची आणि बोलणं व्हायचंच नाही.

दिवाळीच्या आधी सुगतची मोठी बहीण आली. कुंदाताई हिंगणघाटच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लहानपणी आईच्या माघारी त्यांनीच सुगतला वाढवलं होतं. पाणी प्यायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या हातात तांब्याच्या रंगाचा पेला घेऊन.

"हा कोणाचा?"

"माझा," सुगत म्हणाला. "बस न ताई. सांगतो."

त्यानं सगळं सांगितलं. हिरड्या, साखर, झडप, वाण. शाळेतल्यासारखी कागदावर आकृती काढून सांगितलं. कुंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या उष्ट्यानं ती बाटते, असंच न?"

"बाटते नाही, आजारी पडते. विज्ञान आहे ताई हे."

"अस्सं. तेव्हाही पोथीत लिहूनच ठेवलं होतं त्यायनं. आपल्या मनानं कोण सांगते?" त्या शलाकाकडे वळल्या. "मी तुला सून म्हणून आणली आणि पुढे सगळ्या वस्तीला सांगितलं, ही माझ्या भावाच्या ताटात जेवते. शेवटी पांढरीपांड्यांचीच लेक निघाली तू."

"ताई, मी नको म्हणत होते," शलाका म्हणाली. "याला विचारा."

"मग ऐकलं काहून त्याचं?"

खरं उत्तर इतकंच होतं, की तिला डोळे हवे होते. कुंदाताई न जेवता गेल्या. सुगत फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेला आणि तिथंच कितीतरी वेळ उभा राहिला.

दुसरं वर्ष निम्मं सरलं होतं तेव्हा सुगतला ताप यायला लागला. संध्याकाळी कणकण, सकाळी घाम. साधा ताप म्हणून आठवडा गेला. मग त्याच्या नखांखाली लाल रेघा दिसायला लागल्या आणि धाप लागायला लागली. नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झडपेवर जिवाणूंचा थर बसलाय. आले होते हिरड्यांतूनच. सुगत नियमानं दात धुऊन घेत होता, औषधं घेत होता. तरी कुठल्यातरी घासाबरोबर, लहानपणापासून अंगाखांद्यावर वागवलेला तो वाण शेवटी त्याच्याच हृदयात जाऊन बसला. शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. औषधं चालू होती, पण हृदय हरत होतं.

"मला घरी ने," तो म्हणाला.

शलाकानं त्याला घरी आणलं. उत्पलाचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास बंद होता. ती रोज फोनवर बाबांना बघायची. कुंदाताईंना कळवलं. सकाळच्या उन्हात बाहेरच्या खोलीत सुगतची खाट होती. त्याला हातानं घास घेता येत नव्हता, तरी तो आपल्या पेल्याकडे, आपल्या चमच्याकडे लक्ष ठेवून होता. शलाकानं मऊ भात कालवून आणला. दोन घासांनंतर त्यानं तोंड मिटलं.

"आणखी एक."

"नाही जात." मग थोड्या वेळानं, "तू जेवली का?"

"जेवीन मग."

"एकटी जेवते तू. मी ऐकतो आतून. भांड्याचा आवाज येतो नुसता."

शलाकाच्या हातात चमचा होता. त्यात त्यानं अर्धा सोडलेला घास होता. तिनं तो आपल्या तोंडात घातला.

सुगतचे डोळे मोठे झाले. त्यानं उठायचा प्रयत्न केला, जमला नाही. "काहून केलं असं? काहून केलं तू?"

"भूक लागली होती," शलाका म्हणाली.

तो रागावला. जितकं रागावता आलं तितकं. किती महिने झाले, आता थोडेच राहिले होते, सगळं मातीत घातलं, असं तुटक तुटक बोलत राहिला. शलाकानं ऐकून घेतलं आणि वाटीतला भात एक घास त्याला, एक घास आपल्याला असा संपवला. शेवटी शेवटी तो आपणच तोंड उघडायला लागला. वाटी संपली तेव्हा तो म्हणाला, "मीठ कमी झालं."

"झालं खरं."

"मी असतो तर जास्त टाकलं असतं."

दोघंही हसले.

पुढचे चार दिवस ते असेच जेवले. दुसऱ्या दिवशी कुंदाताई आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. शलाका सुगतच्या ओठाला लावलेला पेला आपल्या ओठाला लावत होती. कुंदाताई दारातच थांबल्या. "अगं," त्या घाईघाईनं म्हणाल्या, "डॉक्टरनं नाही सांगितलं न तुला? तुझे डोळे..." त्या आत गेल्या. मोरीतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. नंतर शलाका आत गेली तेव्हा सगळी भांडी, स्टीलची आणि तांब्याच्या रंगाची, वरच्या फळीवर एकत्र लावलेली होती.

पाचव्या दिवशी सकाळी सुगत गेला. शलाका त्याच्याजवळच बसली होती. खोली शांत झाली आणि शांतच राहिली, त्यावरून तिला कळलं.

तीन आठवड्यांनी उत्पलाला मुलगी झाली. त्यानंतरच्या महिन्यांत शलाकाचा आकडा हळूहळू चढायला लागला. तिनं कुणाला सांगितलं नाही. उत्पलानं तिच्या फोनवरचा आकडा आपल्या फोनवर बघितला आणि बाळाला घेऊन वर्ध्याला आली, आईला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टर काझींनी नकाशा काढला. निळ्या नकाशात मागच्या दाढांपाशी गेरूचे ठिपके पसरले होते.

"त्यांचाच वाण आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अजून वेळ आहे. पुन्हा पेरणी करता येईल. लवकर केली तर."

शलाका पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे हे... जिवंत आहे."

"हो."

"त्याच्या तोंडातलं. त्याच्या लहानपणापासूनचं."

डॉक्टरांना तिचा रोख कळला. उत्पलाला कळायला क्षणभर वेळ लागला, आणि मग ती चिडली. "आई, तो आजार आहे! त्यानंच बाबा गेलेत!"

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला थोडे दिवस दे."

थोडे दिवस म्हणता म्हणता हिवाळा गेला. सुगतचे कपडे वस्तीत देऊन झाले, नकाशे शाळेला दिले, खाट आत गेली. घरात त्याचं म्हणून काही हलत नव्हतं, वाढत नव्हतं. एवढं एकच वाढत होतं. ती सकाळी दात घासायची, थुंकलेल्या पाण्यात लाल धागा दिसायचा, आणि तिला राग यायच्या आधी दुसरंच काहीतरी वाटायचं. उजव्या डोळ्यातला केस जाड व्हायला लागला होता. कुंदाताई दर रविवारी हिंगणघाटहून यायच्या, तिच्याजवळ बसायच्या, जेवायच्या. त्या विषयावर त्या बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "मी तेव्हा जे बोलली, ते परत घेता येत असतं तर..." शलाकानं त्यांचा हात धरला.

फाल्गुनात उत्पला बाळाला घेऊन राहायला आली. मित्रा आठ महिन्यांची होती आणि जग हातानं चाचपून बघायच्या वयात होती. दुपारी उत्पला झोपली होती. शलाका अंगणात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मित्रानं आजीचा चष्मा ओढला, नाक ओढलं, मग ओठ धरून तोंडात बोटं घातली आणि तिच्या खालच्या दातांवरून फिरवली. सुगतसारखीच लांब बोटं होती. शलाका हसली. मित्रानं बोटं बाहेर काढली आणि खुशीत आपल्या तोंडाकडे नेली.

तिच्या खालच्या हिरडीवर तांदळाएवढे दोन दात नुकतेच फुटले होते.

शलाकानं तो इवलासा हात झटक्यात धरला. इतक्या जोरानं, की मूल दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. शलाका त्याला तशीच उचलून नळापाशी धावली, एकेक बोट साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं. उत्पला धावत बाहेर आली.

"काय झालं? आई, काय झालं?"

"काही नाही," शलाका म्हणाली. "उद्याच्या उद्या नागपूरला जाऊ."

पेरणीआधी डॉक्टर काझींनी तिला विचारलं, पडदा बंद ठेवू का. शलाका नको म्हणाली. औषध खाचांतून फिरत गेलं तसे गेरूचे ठिपके एकेक करून फिके पडत गेले. ती खुर्चीत आडवी पडून बघत होती. तोंड बधिर होतं, हात मोकळे होते. तिनं ते पोटावर घट्ट धरून ठेवले होते. शेवटचा ठिपका उजवीकडच्या मागच्या दाढेखाली होता. तो जायला थोडा वेळ लागला.

"आम्ही प्रत्येक वाणाचा नमुना गोठवून ठेवतो," नंतर डॉक्टर म्हणाल्या. "अभ्यासासाठी. तुमची इच्छा असेल तर त्याला त्यांचं नाव लावता येईल."

शलाकाला जड जिभेनं नीट बोलता येत नव्हतं. "नको," ती म्हणाली. "त्याचं नाव रोगाला नको."

संध्याकाळ व्हायच्या आत तिघी निघाल्या. उत्पला गाडी चालवत होती. मागच्या सीटवर मित्रा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तोंड उघडं, ओठाच्या कडेला लाळेचा ओघळ. शलाकानं तो रुमालानं टिपला. सेलू मागे पडलं तेव्हा बधिरपणा उतरायला लागला. तिनं जीभ सावकाश फिरवली, वरच्या दातांवरून, खालच्या दातांवरून, पार मागच्या दाढेपर्यंत. सगळं गुळगुळीत होतं, स्वच्छ होतं. तिथं आता कोणी नव्हतं.